अळणी साहेब

—न्हाई न्हाई, त्या बाकड्यावर नका बसू साहेब, इकडं खुर्चीवर या. बाकडं मोडकं न्हाई, चांगलं सागवानी हाय, पन त्याच्यावर आमी गिऱ्हाइकाला बसू देत न्हाई — कावून ते सांगतो पुढं, आधी टेका. बांधकाम कामगारांची चौकशी करायचीय म्हनलात ना? मंग एकदम बराबर जागी गाडी थांबवली तुमी. बोरटेक फाटा म्हंजे हाच. गाव त्या टेकाडाच्या मागं, आन गावात जायच्या आधी जो कोनी साहेब येतो तो आधी माझ्या हाटेलात येतो. तुमी सांगितलं न्हाई साहेब हाव म्हनून, पन मला काय कळत न्हाई व्हय? बुटाला पॉलिश, बगलेत बॅग, गाडी पुण्याच्या नंबराची, आन उतरल्या उतरल्या इचारलं — इथले कामगार कुठं भेटतील. असं इचारनारा एक तर साहेब आसतो, न्हाई तर मुकादम. आन मुकादम एवढ्या हळू आवाजात बोलत न्हाई. वनमाले, ए वनमाले! घाना टाक भज्यांचा, पडताळनीचे साहेब आलेत.

नको? भजी नको? — कांद्याची हायेत, तेल कालच बदललंय — म्हंजे परवा, पन हाय चांगलं. पित्त व्हतं? बरं, मंग चहा. चहाबी नको? पानी? — गाडीत बाटली हाय. बरं. वनमाले, तू टाक तरीबी, वास आला की मन बदलतं मान्साचं. राग मानू नका साहेब, पन ह्या फाट्यावर येऊन माझ्या हातचं काहीच तोंडात न घालनारा पयला मानूस तुमी. मागच्या साली आलते ते साहेब दोन पलेटी हानून गेले, वर तळलेल्या मिरच्या कागदात बांधून नेल्या. आन एकदा खाल्लं की संपलं. आमच्या इलाक्यात रीतच हाय, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरावर नांगर फिरवायचा न्हाई. माझ्या आज्याच्या काळात, निजामाचं राज व्हतं तवा, एक जमादार आलता घोड्यावरून, शेतसारा थकला म्हनून दावनीची बैलं सोडून न्यायला. लई कडक मानूस. कुनाच्या दारात घोटभर पानी पीत नव्हता, का तर रीत त्यालाबी मालूम. पन मपली आजी — उभ्या आष्टी तालुक्यात तसली बेरकी बाई पुन्ना झाली न्हाई — तिनं जमादाराला इचारलंच न्हाई. ऊन मरनाचं, तिनं आपली घोड्याम्होरं बादली ठिवली, आन बादलीत मिठाचा खडा. घोडं प्यालं. आन मंग जागचं हालंच ना! जमादारानं चाबूक वढला, टाचा मारल्या, आई-बहीन काढली — घोडं उभं. शेवटी बैलं जागच्या जागी ठिवून जमादार पायी गेला बीडला, आन घोडं आमच्या दारात म्हातारं होऊन मेलं. हसा, हसा! समदे हसतात. थापाड्या म्हनतात मला. गहिनीनाथ हे नाव फकस्त मतदानाच्या यादीत राह्यलंय.

तर पडताळनी. करा की. कुठल्याबी घरात शिरा, पिवळी टोपी दिसंल — ते हेल्मेट हो, बोर्डाकडून पेटी मिळती ना बांधकाम कामगाराला, टोपी, बूट, कमरेचा पट्टा, ब्याटरी, वरून संसाराची भांडी. आमच्या गावात इतके बांधकाम कामगार हायेत साहेब, की ताजमहाल एका उन्हाळ्यात उभा राहील — आन गावात संडास बांधायचा म्हनलं तर गवंडी बाहेरून आनावा लागतो. टोपीचं काय काय केलंय लोकांनी! चतुराबाईनं कोंबडी खुडूक बसवलीय तिच्यात. खालून गवत, वरून कोंबडी, पिलं निघतात ती बी म्हनं पिवळी धमक. कुनी चिमन्यांना पानी म्हनून दारात टांगलंय, कुनी माप म्हनून ज्वारी मोजतंय. बुटांची तऱ्हा न्यारी, एकाला दोन्ही डावे आले, तो दोन्ही पायांनी डावीकडंच वळतो, ग्रामपंचायतीला निघाला की देशी दारूच्या दुकानात पोचतो. आन भांडी — भांडी कुनी वापरत न्हाई. भांडी रुखवतात. पोरीचं लगीन ठरलं की पेटी उघडायची, कुकर, परात, डबे समदं मांडवात मांडायचं, शिक्का तेवढा दगडानं घासायचा. मागच्या हंगामात एका लग्नात दोन्हीकडच्या रुखवतात सारखीच परात, सारखाच कुकर! याही म्हनला, हे तर आमचंच. वरबाप म्हनला, तुमचं न्हाई, सरकारचं. दोघंबी बांधकाम कामगार. दोघांच्याबी हाताला घट्टा न्हाई.

कपिलधारचं माकड ठाऊक हाय का तुमाला? न्हाई? अवो, तिथं धबधब्यावर एक वानर हाय, कुनाची तरी टोपी पळवली त्यानं, घालून बसतं. एजंटानं फोटो काढला, फारम भरला — आंगठा तर द्यायलाच तयार, माकडाला आंगठ्याचं काय — आन मंजूर! आता पेटी घ्यायला तालुक्याला कसं न्यायचं एवढाच घोळ ऱ्हायलाय. थाप? बरं, थाप. पन भिंतीची गोष्ट थाप न्हाई. आमच्या सुंदररावांची — गावचे पुढारी, टेकाडापासून वढ्यापोतर जमीन त्यांची — त्यांच्या गोठ्याची एक भिंत अर्धी बांधलेली व्हती. एजंट आला, म्हनला कामावरचा फोटो पाहिजे. झालं, समदं गाव त्या भिंतीपुढं. एकानं थापी धरायची, फोटो काढायचा, थापी दुसऱ्याला. सासू, सून, पुजारी, किराना दुकानदार. सुंदररावांच्या म्हातारीला खाटंसकट आनली, तिच्या हातात थापी दिली, तिला वाटलं उलथनं हाय, म्हनती भाकर कुठाय. एक भिंत, साहेब! उभ्या जिल्ह्यात त्या भिंतीएवढं काम कुनी केलं न्हाई, तिलाच पेन्शन द्या. आन अजून अर्धीच हाय ती. पूर्न केली की काम संपलं असं दिसंल ना, म्हनून सुंदरराव वरचा थर घालू देत न्हाईत.

आं? माझं? — माझंबी कारड हाय. कावून नसावं? हे बघा टेबलाखाली, टोपीत कांदे ठिवतो, हवा लागती, सडत न्हाईत. ह्या हातानं झारा धरलाय, थापी न्हाई. लिहून घ्या हवं तर. लिहीत न्हाई तुमी काही? फोनात रेकॉर्ड व्हतंय व्हय, बरं बरं, आता तसंच. ठिवा उताना, झाकून ठिवला तर आवाज यायचा न्हाई. मला काय भ्या. माझं कारड रद्द करा, सुंदररावांचं करा, म्हातारीचं करा, माकडाचं करा. मी सोता पुढं होऊन घरं दाखवतो. एक काम करा फकस्त. खोटे समदे पुसले की मंग एक खरा लिहा.

खरा कामगार, साहेब! या गावात खरा कामगार वळखायचा कसा सांगू? त्याच्या दाराला कुलूप आसतं. पुण्यात आसतो तो. कारड हितं, मानूस तिथं. रेशन बोरटेकला, पोट पुण्याला — म्हनतात देशात कुठंबी धान्य मिळतं आता, पन तिथला दुकानदार म्हनतो मशिनीत तुझं नाव दिसत न्हाई, हितला म्हनतो आंगठा घेऊन ये. आता आंगठा काय टपालानं धाडायचा? ज्यानं ऊस तोडायचं सोडलं तो पुण्याला गेला, शेंटरिंगला, सळया बांधायला. मपला धाकटा भाऊ तसाच गेला. आदिनाथ. बायकू सत्यभामा आन दोन लेकरं, समदे त्या इमारतीच्या खालीच पत्र्यात. पंधरा-सोळा मजले वर चढवायचे, आन ऱ्हायचं तळाला, पान्याच्या टाकीपाशी. आदिनाथ माझ्यासारखा न्हाई. खोटं बोलायचं म्हनलं की त्याचे कान लाल व्हतात. लहानपनी मी बोरं चोरायचो आन मार तो खायचा, नुसत्या कानांमुळं.

त्याला मी म्हनलं, अरे कारड काढ, तू तर खराखुरा हायेस. गेला बिचारा. पुण्याच्या हापिसात म्हनले ठेकेदाराचं सर्टिफिकीट आन, इतके दिवस कामावर व्हता म्हनून. ठेकेदार म्हनला तसलं आमी देत न्हाई, तुमच्या गावाकडं निघतंय सोपं, तिकडूनच काढ. गावाकडं — खरंच की, सोपं व्हतं! मी एजंटाला बोललो, एजंट म्हनला फोटूच्या दिवशी हजर ऱ्हा म्हनावं. आदिनाथानं सुट्टी मागितली, स्लॅब व्हता, सुट्टी मिळाली न्हाई. म्हंजे बघा साहेब, ज्या दिवशी समदं गाव सुंदररावांच्या भिंतीपुढं कामगार झालं, त्या दिवशी आदिनाथ पुण्यात खऱ्या भिंतीवर व्हता. म्हनून तो कामगार न्हाई. इनोद हाय ना? हसा की. मघा घोड्यावर हसलात.

वनमाले, झाली का भजी? ठिव हितं. पुदिन्याची चटनी बी ठिव. घेतील, घेतील.

सुंदररावांचा रेडा बघितला का, येताना उजव्या अंगाला? मारका हाय, दावं तोडायचा रोज. आता न्हाई तोडत. त्या पेटीतल्या कमरपट्ट्यानं बांधलाय. नायलानचा पट्टा, लोखंडी कडी — रेडा जीव लावून वढतो, पट्टा हूं का चूं करत न्हाई. रेडा अडतो त्या पट्ट्यानं. आदिनाथाचं वजन ते काय व्हतं.

चौदाव्या मजल्यावरनं न्हाई — तिथनं पडला असता तर आज काही बोलायचंच न्हाई — खालच्या अंगाला, लिफ्टच्या खड्ड्यात, दोन मजले. सळयांचा भारा धरलेला, पुढनं तो, मागनं बंकट. बंकट आमच्याच गावचा, एका ताटात जेवलेले दोघं. फळी सरकली. बंकटच्या हातात सळया ऱ्हायल्या आन पुढचं टोक मोकळं झालं, असं सांगतो तो — म्हनतो दादा, एकदम हलकं लागलं मला, मला वाटलं आदिनाथानं खाली ठिवलं. हां. तर.

दवाखान्यात नेला, दोन दिवस ठिवला, मंग पैशे भरायची पाळी आली तवा ठेकेदाराला सुचलं, गावाकडची हवा बरी. गाडीत आडवा घातला आन ह्या फाट्यावर आनून सोडला. उजाडत व्हतं, मी चूल पेटवत व्हतो. एक डायवर उतरला, कानात बाळी, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खून, त्यानं आन म्या मिळून आदिनाथाला उचलला आन ह्या बाकड्यावर निजवला. ह्याच. आदिनाथ म्हनला, दादा, माझे पाय गाडीतच ऱ्हायले का बघ. मी खरंच जाऊन बघितलं हो! येड्यासारखं गाडीत डोकं घातलं, सीटखाली बघितलं. उभ्या जन्मात मी लोकांना येडं बनवलं आन त्या दिवशी — जाऊ द्या. डायवर म्हनला किरकोळ लागलंय, आठ दिसात चालंल. वनमालानं त्याला पानी दिलं, रात्रीची भजी व्हती ती दिली, रातभर गाडी चालवून आलाय बिचारा म्हनून. खाली मान घालून खाल्ली त्यानं. गेला. तवापासून ह्या बाकड्यावर कुनाला बसू देत न्हाई. वनमाला म्हनती फोडून चुलीत घालू. मी म्हनतो ऱ्हाऊ दे, उठून बसायला लागला की ह्याच्यावरच बसंल.

न्हाई बसत. घरात खाटंवर हाय. मागच्या अंगाला जखमा झाल्यात, सत्यभामा कूस बदलती, माशा वारती. तुमी चला, सोता बघा. खोटं असंल तर फासावर द्या मला.

आन ठेकेदार काय म्हनतो? म्हनतो आदिनाथ नावाचा कुनी मानूस आमच्याकडं कामाला नव्हताच. दारू पिऊन रस्त्यावर पडला असंल. गेटवर नाव न्हाई, मजुरी हातात मिळायची, कारड न्हाई. सत्यभामा तिथं ऱ्हात व्हती तो पत्राबी उचलला, आता म्हनं तिथं बगिचा केलाय. एक वकीलबाई हाय पुण्याची, कामगारांच्या संघटनेची, ती भांडती आमच्यासाठी, चांगलीय. ती म्हनली, बाकी काही नसू द्या, पडताना बघनारा एक मानूस कोर्टापुढं उभा ऱ्हायला पाहिजे. बघनारा एकच. बंकट. येत्या सोमवारी तारीख हाय. बंकट उभा ऱ्हायला तर आदिनाथ त्या इमारतीवर व्हता. न्हाई ऱ्हायला तर तो रस्त्यावर दारू पिऊन पडला, आन मंग ना भरपाई, ना औषध, ना त्या लेकरांचं काही. एवढंच हाय साहेब. एका मान्साच्या जिभंवर टांगलंय समदं.

म्हनून तर ठेकेदाराची मान्सं हुडकत फिरतात त्याला. आधी लालूच दावली, मंग त्याच्या घरी येऊन बायकूला म्हनले, पोरं साळंत जातात ना तुझी, रस्ता वाईट हाय हितला. तवापासून बंकट गावात न्हाई. आन ती मान्सं येतात कुठं? हितंच! ह्याच फाट्यावर! आन मी हाय की. पयल्याला सांगितलं, बंकट दुबईला गेला, उंट धुवायच्या कामाला, उंटाला शाम्पू लावतो. दुसऱ्याला सांगितलं साप चावला, मातीबी झाली, तेराव्याला याल का. त्यानं खिशातनं दुखवट्याचे पैशे काढून ठिवले, साहेब! तिसरा जरा शाना व्हता, त्याला म्हनलं कर्नाटकात घरजावई झालाय, बायकू मुकी हाय, पत्ता कुनाला सांगत न्हाई. आयुष्यभर थापाड्या थापाड्या म्हनून हिनवलं लोकांनी, आन बघा, आता त्या थापाच कुंपन झाल्यात. आदिनाथ खाटंवरून म्हनतो, दादा, तू बोलत ऱ्हा, जवर तू बोलतोस तवर बंकट सलामत हाय.

आं? खरा कुठं हाय?

ते — ते कशाला साहेब. सोमवारी येईल तो.

न्हाई, तुमच्यावर अविश्वास न्हाई. अविश्वास कशाचा. तुमी तर — ह्या पलेटीतलं एक भजं उचललं न्हाई तुमी, गार झाली, तेल सुटलं, पन हात न्हाई लावला. असा अळनी साहेब पयल्यांदा बघितला. दुसऱ्याचं मीठ न खानारा मानूस कुनाचा मिंधा नसतो, त्यानं मनात आनलं तर — काय म्हनता? साक्षीदाराला सरकारी संरक्षन मिळतं? तशी सोय हाय? तुमी तुमच्या गाडीतनं त्याला नेता? सोमवारपोतर सांभाळता, आन थेट कोर्टात उभा करता? खरं सांगता? — ऐकलं का गं वनमाले! मी म्हनत नव्हतो, खालची मान्सं कशीबी असू दे, वर कुनीतरी आसतं. अवो, त्याचीच चिंता व्हती हो, यष्टीनं पुण्याला जायचं म्हंजे स्टँडावर उतरतानाच उचलतील त्याला ही मान्सं. आता मला झोप लागंल.

जरा जवळ या. फोन असू द्या, ते सरकारी काम हाय. नारायनगडाच्या मठात हाय. गडाच्या पंगतीत वाढतो. मिशी काढलीय, कपाळाला बुक्का, तिथं त्याला बळीराम म्हनतात. आमटीची बादली त्याच्याकडंच आसती, लंगडतो उलीसा डाव्या पायानं, तेवढ्यावरून वळखाल. फोन न्हाई त्याच्याकडं, फोनावरनं माग लागतो म्हनून इथंच ठिवून घेतलाय, हा काय, बेसनाच्या डब्यात. बंद करून. म्हंजे निरोप धाडता यायचा न्हाई, तुमी सोताच जा, माझं नाव सांगा. नाव नका सांगू — त्याला म्हना, घोडं जागचं हाललं न्हाई. म्हंजे तो समजंल माझाच मानूस हाय. येईल मुकाट.

बघा, मोकळं वाटलं. खरं बोलून मोकळं वाटतं हे मला कुनी सांगितलंच न्हाई. आता एक तरी खा. बरं, नका खाऊ. तुमचा डायवर तरी? कवाचा काचा वर करून बसलाय गाडीत, तोंडाला रुमाल बांधून, बोलवलं तर आला न्हाई. वनमाले, तांब्या घेऊन जा त्याला, आन ही पलेटबी ने. साहेबाचं तत्त्व असंल, डायवरला कशाला तत्त्व. जा. वाजव काच.

निघालात? लगीच? आदिनाथाला बघून जायचं व्हतं ना. दोन मिन्टं लागतात टेकाडामागं. अवो, चौकशी तर त्याचीच — बरं, आधी गडावर जाता, उन्हं उतरायच्या आत. तेबी खरं. येताना बघा मंग.

वनमाले? काय गं? पलेट पडली का? पडू दे, उभी कावून ऱ्हायलीस अशी? काय? मोठ्यानं बोल. कोन?

बाळी?

...

साहेब, जरा थांबा. एक मिन्ट. ते मी — बंकटचं जे सांगितलं ते — अवो साहेब, मी थापाड्या हाय! कुनालाबी इचारा फाट्यावर, पंक्चरवाल्याला इचारा, गहिनीनाथ कधी खरं बोलला का! गडावर कुठला बंकट, बंकट दुबईला हाय, उंट धुतो. साप चावला त्याला. मिशी काढली म्हनलो ना? त्याला मिशी नव्हतीच कधी! माकडाची गोष्ट सांगितली ती पटली का तुमाला? न्हाई ना? मंग हीच कशी पटली? हसा ना. घोड्यावर हसलात, भिंतीवर हसलात, ह्याच्यावर कावून हसत न्हाई? तो फोन — तो फोन बंद करा हो. त्यात समदं खोटं भरलंय, तुमच्या शेठला सांगा समदं खोटं हाय, आदिनाथबी खोटा, हवं तर तोबी रस्त्यावरच पडला, दारू पिऊन, मी लिहून देतो, पन गडाकडं नका जाऊ. लेकरं हायेत बंकटला. साळंत जातात, तुमाला ठाऊकच हाय.

पानी पिऊन जा. निदान घोटभर पानी. वनमाले, तांब्यात — तांब्यात तो खडा टाक — साहेब, लांब जायचंय, ऊन हाय, घ्या की. बाटली हाय. हां. बाटली हाय तुमच्याकडं. म्हनून बाटली घेऊन फिरता तुमी. मला वाटलं तत्त्व हाय.

ए बाबा. तू. रुमाल काढ तोंडावरचा, वळखलं तुला. चावी नको फिरवू. त्यानं न्हाई खाल्लं, पन तू खाल्लं व्हतंस. हितं, ह्या बाकड्यापाशी, मान खाली घालून, हिच्या हातची. पानीबी प्यालास. मीठ व्हतं रे त्यात, चांगलं मूठभर. आता जागचा हालू नकोस. बस फकस्त. दुसरं काही मागत न्हाई मी, नुसता बसून ऱ्हा, त्याला जाऊ दे पायी कुठं जायचं तिथं. घोडं सुदिक उभं ऱ्हायलं व्हतं रे आमच्या दारात, मुकं जनावर —

जा.

जा, जा. मानूस हायेस तू. तुझी काय चूक.